डिलिव्हरीचा टेम्पो किंवा सामान हलवणारा ट्रक धडकला: जबाबदार कोण, आणि दावा कसा लावायचा

छोटा हत्ती, पिकअप, आयशर किंवा पॅकर्स-मूव्हर्सचा बंद ट्रक धडकतो तेव्हा डोळ्यांत भरतं ते गाडीच्या अंगावर रंगवलेलं कंपनीचं नाव. जखमी माणसाचे नातेवाईक तेच नाव धरून बसतात, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावत राहतात आणि पहिले आठ दिवस त्यातच जातात. प्रत्यक्षात आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, मालक तिसराच असतो. गाडी चालवणारा त्याने पगारावर ठेवलेला, माल भलत्याच दुकानाचा, भाडं ॲपवरून लागलेलं आणि हमाल नाक्यावरून उचललेले. भरपाईचा कायदा मात्र आरसी आणि विमा पॉलिसी या दोन कागदांपासून सुरू होतो. हे दोन हाती आले की निम्मं काम झालं. रंगवलेल्या नावाचा उपयोग कधी होतो, ते पुढे सांगितलं आहे.

पहिला दिवस

आधी उपचार. 112 ला फोन करा. 5 मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या कुणाही जखमीला, अपघाताच्या तारखेपासून 7 दिवसांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयात 1.5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून होतात. त्यासाठी पोलिसांची ऑनलाइन पुष्टी लागते, म्हणून रुग्णालय आणि पोलीस ठाणं यांची सांगड पहिल्या दिवशीच घालून द्या. जखमीला उचलून आणणारा अनोळखी माणूस असेल तर त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तरीही तो आपणहून नंबर देत असेल तर जरूर घ्या, साक्षीदार म्हणून पुढे तोच उभा राहू शकतो.

रुग्णालयात एक गोष्ट जातीने पाहा. कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय, नोंद होते. घाईत असलेला डॉक्टर विचारतो, "काय झालं?" आणि घाबरलेला भाऊ सांगतो, "गाडीवरून पडला." तेच शब्द कागदावर उतरतात. दीड-दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद काढतो आणि म्हणतो, हा आपला आपण घसरून पडला, टेम्पोचा यात संबंधच नाही. म्हणून नोंदीत "अमुक रस्त्यावर टेम्पोने पाठीमागून धडक दिली" असं यायला हवं, आणि गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. नंतर केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते.

जागेवर असलेल्या माणसाने मोबाइलवर हे फोटो काढावेत:

- नंबर प्लेट पुढची आणि मागची; बॉडीवर किंवा केबिनच्या दारावर लिहिलेलं मालकाचं नाव आणि वजनाचे आकडे
- दोन्ही गाड्या हलवण्याआधी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. टायर घासल्याच्या खुणा, काचांचा सडा
- टेम्पोबाहेर लोंबणारा माल, उघडा फाळका, बंद टेललाइट, नसलेले रिफ्लेक्टर
- आत दिसणाऱ्या पार्सलवरची लेबलं आणि चालकाच्या हातातली बिल्टी (माल नेण्याची पावती) किंवा ई-वे बिल
- चालकाचा चेहरा आणि त्याच्या फोनवर भाड्याचं ॲप चालू असेल तर तो स्क्रीन

ई-वे बिलात मालाचा धनी, घेणारा आणि गाडीचा नंबर हे तिन्ही असतात. घर हलवताना नेलेल्या वापरलेल्या सामानाला मात्र ई-वे बिल लागत नाही. तिथे मूव्हर्सची पावती किंवा कोटेशन शोधायचं.

जवळच्या दुकानातलं आणि सोसायटीतलं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. सेक्रेटरीला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि फुटेज ताब्यात घ्यावं असा एक अर्ज तपास अधिकाऱ्यालाही द्या. फुटेज कोर्टात वापरायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. नुसता व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ पुरत नाही.

जागेवरची तडजोड टाळा. मालक येतो, पाच-दहा हजार हातावर टेकवतो आणि "माझी तक्रार नाही" असं लिहून घेतो. पायातली गाठ तिसऱ्या दिवशी दुखायला लागते आणि एक्स-रेत फ्रॅक्चर निघतं. तोवर गाडीचा पंचनामा झालेला नसतो आणि ती गाडी नागपूरकडे निघून गेलेली असते.

पोलिसांकडून काय मिळवायचं

एफआयआरची प्रत फुकट मिळते. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 (बेदरकार वाहन चालवणं), 125 (दुखापत) किंवा मृत्यू झाला असेल तर 106(1) खाली नोंदवला जातो. शेवटच्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फौजदारी खटला चालकावर चालतो. त्याचा निकाल लागेपर्यंत भरपाईसाठी थांबायचं कारण नाही, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. चालक फौजदारीत सुटला तरी भरपाई मिळू शकते, कारण तिथे "निःसंशय" पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुणीकडे झुकतं एवढंच पाहतात. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवा.

1 एप्रिल 2022 पासून पोलिसांवर वेळापत्रक बांधून दिलेलं आहे. अपघाताचा प्राथमिक अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. चालक आणि मालकाने आपापले फॉर्म 30 दिवसांत भरायचे, जखमीने किंवा वारसाने आपला फॉर्म क्रमांक 6 हा 60 दिवसांत, आणि सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचा. हा सविस्तर अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणून धरू शकतं. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण फॉर्म 6 कुणी मागत नाही म्हणून कुणी भरतही नाही, आणि मग अहवालात जखमीचं उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, बिलं यातलं काहीच नसतं. तुम्हीच मागून घ्या आणि भरून पोच घ्या.

दरम्यान गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. विमा कोणत्या कंपनीचा, कधीपर्यंत, फिटनेस आहे का, हे तिथे दिसतं. विम्याची मुदत अपघाताच्या आसपास सुरू होत असेल तर पॉलिसीवरची वेळही तपासा. सकाळी अपघात आणि दुपारी काढलेली पॉलिसी, असली प्रकरणं होतात. गाडीला विमाच नसेल तर पुरेसं तारण घेतल्याशिवाय ती सोडू नये, असा अर्ज कोर्टात ताबडतोब द्यावा. बिनविम्याच्या टेम्पोच्या मालकाकडून वसूल करण्यासारखं अनेकदा तो टेम्पोच असतो.

जबाबदारीची साखळी

पहिला चालक, त्याच्या निष्काळजीपणासाठी. दुसरा मालक, नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीसाठी. तिसरी विमा कंपनी, मालकाच्या वतीने पैसे देणारी. दाव्यात या तिघांना पक्षकार करायचंच.

मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला. टेम्पो विकला, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदललंच नाही, तर जबाबदार जुनाच मालक. सर्वोच्च न्यायालयाने हे 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. सेकंड हँड टेम्पोच्या बाजारात गाडी दोन-तीन हात फिरते आणि मालकी बदलाचे फॉर्म 29, 30 सही करून डिकीत पडून राहतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे त्याच्या स्वतःच्या बचावासाठी आहे. कर्जावरच्या गाडीत बँकेचं नाव आरसीवर दिसलं तरी घाबरायला नको: गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो कर्जदारच मालक धरला जातो.

आता ते रंगवलेलं नाव. गाडी कंपनीच्याच नावावर असेल तर प्रश्न नाही. गाडी "अटॅच" असेल, म्हणजे मालक दुसराच पण कंपनीच्या कामाला लावलेली, तर कंपनी म्हणते, हा आमचा स्वतंत्र पार्टनर, आमचा काही संबंध नाही. गाडीवर आणि चालकावर प्रत्यक्ष ताबा कुणाचा होता, हे अशा वेळी महत्त्वाचं ठरतं. रूट कोण ठरवतं, वेळेत न पोहोचल्यास दंड कोण कापतं, गणवेश कुणाचा, सुट्टी कुणाला विचारून घ्यायची, याचे पुरावे गोळा करायचे. विमा वैध असेल आणि सगळ्या अटी पाळलेल्या असतील तर कंपनीला ओढण्यात फारसा फायदा नाही, उलट दावा लांबतो. पण विमा संपलेला असेल, किंवा विमा कंपनी काही अट मोडल्याचं सांगून हात वर करणार असं दिसत असेल, तर डिलिव्हरी कंपनीला पहिल्या दिवसापासून पक्षकार करा आणि तिच्या ॲपमधला ट्रिपचा लॉग, जीपीएसची नोंद मागवण्याचा अर्ज न्यायाधिकरणात द्या. पोलीसही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ही नोंद मागवू शकतात.

ज्याने घर हलवायला टेम्पो भाड्याने घेतला तो सामान्य गिऱ्हाईक जबाबदार धरला जात नाही. अपवाद एवढाच, की त्याने स्वतः काही केलं: चालकाला चुकीच्या बाजूने घालायला लावलं किंवा दोरी न बांधता कपाट टपावर चढवलं.

दोन गाड्यांच्या चुकीने तिसरा माणूस जखमी झाला, म्हणजे रिक्षातला प्रवासी किंवा पादचारी, तर तो संपूर्ण भरपाई कोणत्याही एका गाडीकडून मागू शकतो. वाटणी त्या दोघांनी आपसांत करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालापासून यावर शंका उरलेली नाही. "साठ टक्के चूक ट्रकची, बाकी तिकडून घ्या" हे विमा अधिकाऱ्याचं बोलणं अशा जखमीला लागू होत नाही.

विमा कंपनी कुठे आडवी येते

*लायसन्स.* "चालकाकडे एलएमव्हीच (हलक्या वाहनाचं लायसन्स) होतं, ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता" ही हरकत वर्षानुवर्षं घेतली गेली. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती निकालात काढली. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट धरलेलं आरसीवरचं वजन, 7,500 किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसन्स पुरतं. छोटा हत्ती, पिकअप, टाटा 407 यात बसतात. मोठ्या आयशरसाठी आरसी पाहूनच बोला. घातक रसायनं नेणाऱ्या गाड्या आणि ई-रिक्षा, ई-कार्ट यांचे नियम वेगळे.

*परमिट.* 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या गाडीला परमिट नसेल तर तो गंभीर भंग मानला जातो. मात्र तिथेही कोर्ट बहुधा "आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देतं. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला पैसे विमा कंपनीकडून मिळतात, भुर्दंड मालकावर बसतो. बनावट किंवा संपलेल्या लायसन्सच्या बाबतीतही हाच मार्ग रुळलेला आहे, आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो.

*पांढरी प्लेट.* खासगी कार किंवा दुचाकी भाड्याने डिलिव्हरीसाठी वापरली गेली तर विमा कंपनी वापराच्या अटीचा भंग म्हणते. अशा दाव्यात वर सांगितल्याप्रमाणे डिलिव्हरी कंपनीला जोडून घेणं शहाणपणाचं.

*मागे बसलेली माणसं.* ही मात्र खरी खाई आहे. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2002 पासूनच्या निकालांनी पक्का झालेला आहे. सामानाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात येतो, पण तो केबिनमध्ये बसलेला हवा. घर हलवताना मुलं सोफ्यावर, आजी गादीवर आणि मामा फाळक्याला टेकून, अशी वरात निघते. टेम्पो उलटला तर त्यांना टेम्पोमालकाच्या खिशातून काय निघेल तेवढंच. सामानाच्या पावतीवर धन्याचं नाव लिहून घ्या, त्या एका माणसाला केबिनमध्ये बसवा, बाकीचे रिक्षाने.

थांबलेला, मागे येणारा आणि माल उतरवणारा ट्रक

डिलिव्हरीच्या गाड्यांचे बरेच अपघात चालत्या गाडीचे नसतातच. रात्री दिवे बंद करून रस्त्यावर उभा ट्रक, दुहेरी पार्किंग, अचानक उघडलेलं दार, रिव्हर्स घेताना मागे उभं लहान मूल.

उभी गाडीही "वापरात" असते. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे सातारा जिल्ह्यात महामार्गावर पेट्रोल टँकर आणि ट्रकची टक्कर झाली, टँकर रस्त्याखाली उलटून पडला आणि चारेक तासांनी त्याचा स्फोट झाला. टँकर तेव्हा पडलेला होता, चालत नव्हता, असा बचाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये तो फेटाळला. तेव्हापासून उभ्या, बिघडलेल्या, माल उतरवणाऱ्या गाडीने झालेला अपघात दावा न्यायाधिकरणात नेता येतो.

उभ्या ट्रकवर पाठीमागून धडकलेल्या दुचाकीस्वाराच्या बाबतीत विमा कंपनी हमखास "त्याचीही चूक" म्हणते, आणि ती मान्य झाली की टक्केवारीने रक्कम कापली जाते. इथे फोटो कामाला येतात. रिफ्लेक्टर होते का, त्रिकोण ठेवला होता का, पार्किंग लाइट चालू होते का, समोरून येणाऱ्या हेडलाइटचा झोत होता का. दिव्याविना रस्त्यात उभा केलेला टँकर न दिसल्याबद्दल कारचालकाला दोषी धरता येणार नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं आहे. पंचनाम्यात "रस्त्यावर दिवे नव्हते" ही ओळ आली की नाही ते वाचून बघा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचायला मागणं हा काही उद्धटपणा नाही.

सोसायटीच्या आवारात रिव्हर्स घेताना अपघात झाला तर "हे सार्वजनिक ठिकाण नाही" अशी हरकत येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1988 मध्येच सांगितलं आहे की लोकांची ये-जा जिथे असते, मग ती परवानगीने का असेना, ते मोटार वाहन कायद्यासाठी सार्वजनिक ठिकाणच. वॉचमनने "या, या, येऊ द्या" म्हटलं म्हणून चालकाची जबाबदारी जात नाही.

सामान उतरवताना फ्रीज घरंगळून टेम्पोच्या फळीवरून पादचाऱ्यावर पडला तर तो गाडीच्या वापरातला अपघात म्हणून मांडता येतो. पण तिसऱ्या मजल्यावरून दोरीने सोडलेलं कपाट सुटलं तर त्याचा गाडीशी संबंध उरत नाही. तो दावा मूव्हर्सविरुद्ध दिवाणी कोर्टात जातो, न्यायाधिकरणात नाही. हा फरक अर्ज लिहितानाच पक्का करा.

गेट, भिंत, दुकानाचं शटर, उभी कार यांचं नुकसान झालं तर मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात साधारणपणे 7.5 लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. दुरुस्तीआधीचे फोटो, लेखी अंदाजपत्रक आणि नंतरचं बिल हवं. तुमच्या कारचा स्वतःचा क्लेम घेतला असेल तर उरलेली रक्कमच मागता येते.

दावा कुठे, कधी, किती

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली. तुम्ही राहता तिथल्या, अपघात झाला तिथल्या किंवा समोरचा राहतो तिथल्या न्यायाधिकरणात, यातलं सोयीचं निवडायचं. अपघात पनवेलजवळ आणि जखमी लातूरचा असेल तर लातूरला लावा. पेशीसाठी पनवेलच्या खेपा कशाला? मुदत अपघातापासून 6 महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केवळ उशिरासाठी दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेशही झाला. त्या आदेशाच्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नये.

कलम 164 वेगळं आहे. चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख रुपये. ऐकायला छान वाटतं, पण तडजोडीत ती रक्कम स्वीकारली की 166 चा अर्ज संपतो. कमावता माणूस गेलेल्या घराने ती घाईने घेण्याआधी खालचा हिशेब करावा.

समजा, किराणा दुकान चालवणारा 34 वर्षांचा माणूस, उत्पन्न महिना 20,000, मागे बायको, दोन मुलं आणि आई.

वर्षाचे 2,40,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवा: 3,36,000. अवलंबून 4 जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 2,52,000. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं; वय 31 ते 35 ला गुणक 16. म्हणजे 40,32,000. त्यावर अंत्यविधी आणि मालमत्तेचं नुकसान यांचे प्रत्येकी 15,000, आणि सहवास गमावल्याचे 40,000. या तीन रकमा सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालातल्या असून दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढतात. सहवासाची रक्कम फक्त पत्नीलाच नाही, मुलांना आणि आईवडिलांनाही स्वतंत्र मागायची. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. 5 लाख आणि 40 लाख यातलं अंतर हे असं आहे.

कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत वाढ 50 टक्के. अविवाहित असेल तर खर्चाची वजावट बहुधा निम्मी. गुणक 26 ते 30 ला 17, 36 ते 40 ला 15, 46 ते 50 ला 13, 56 ते 60 ला 9 असा उतरत जातो.

या सगळ्या हिशेबाचा पाया म्हणजे उत्पन्नाचा पुरावा, आणि दावे तिथेच अशक्त होतात. आयकर विवरण, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, जीएसटीची नोंद, दुकानाचा परवाना, सोसायटीत दूध घातल्याच्या पावत्या, जे असेल ते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण स्वतःच्या अंदाजाने धरतं आणि तो अंदाज सहसा कमीच असतो.

जखमींच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र एका अवयवाचं 45 टक्के असेल, पण माणूस सुतार असेल आणि गेलेला हात असेल, तर त्याची कमाई पूर्णच बुडाली. कोर्टं हा फरक करतात, पण डॉक्टरला साक्षीला बोलावून तो मांडावा लागतो. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, ॲम्ब्युलन्सचं भाडं जपून ठेवा. मेडिक्लेममधून काही बिलं गेली असतील तर त्यांच्या साक्षांकित प्रती आधीच काढा.

वकील "मिळेल त्याचे वीस टक्के" म्हणत असेल तर जरा थांबा. निकालाच्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. महिलांना, मुलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन 15100. लोकअदालतीत तडजोड झाली तर पैसा लवकर येतो, पण तिथून अपील नाही, म्हणून आकडा घरी काढून मगच तिथे जावं. न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील 90 दिवसांत, वादातली रक्कम 1 लाखाच्या आत असेल तर अपीलच नाही.

टेम्पो पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये वेगळ्या योजनेतून मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

हमाल आणि क्लीनर

चालक, क्लीनर आणि गाडीतून नेलेले मालकाचे नोकर विम्यात येतात, पण ती रक्कम कर्मचारी भरपाईच्या हिशेबापुरती. नाक्यावरून दिवसापुरते उचललेले हमाल मूव्हर्सचे की टेम्पोमालकाचे, यावर वाद होतो. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठीचा जादा हप्ता पॉलिसीत भरलेला आहे का ते पाहायचं. थोड्या पैशांचा असतो आणि तोच वाचवलेला सापडतो. हमालाने एकच वाट निवडायची, कर्मचारी भरपाई किंवा न्यायाधिकरण. दोन्हीकडून घेता येत नाही.

टेम्पोचा मालक किंवा चालक असाल तर

जखमीला रुग्णालयात पोहोचवणं आणि पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. जमाव खवळला असेल तर जवळच्या ठाण्यात जाऊन हजर व्हा, कायदाच ती सवलत देतो. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. बाहेर आलेल्या मालाचा दंड 20,000, जादा वजनाचा 20,000 आणि वर दर टनाला 2,000. दंडापेक्षा महाग पडतं ते हे, की जादा वजनाची पावती दाव्यात निष्काळजीपणाचा पुरावा होते.

अपघातात तुमचं सामानच फुटलं असेल तर

ट्रक उलटला आणि घरसामानाचा चुरा झाला, तर हा वेगळा दावा आहे, 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालचा. माल नेणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावं लागत नाही. पण मर्यादा आहे: भाड्याच्या दहापट. 18,000 रुपये भाडं असेल तर 1,80,000 पर्यंतच, मग सामान 6 लाखांचं का असेना. ती वाढवायची तर बुकिंगच्या वेळी फॉरवर्डिंग नोटवर (माल देताना भरायच्या कागदावर) सामानाची किंमत लिहून जादा जोखमीचा दर भरावा लागतो. "ट्रान्झिट इन्शुरन्स" म्हणून पैसे घेतले असतील तर पॉलिसीचा नंबर आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र ट्रक हलण्याआधी मागा. कोटेशनवर नुसती ओळ असते आणि पॉलिसी निघालेलीच नसते, हे फार होतं.

फुटलेलं सामान खोलताना व्हिडिओ काढा, डिलिव्हरीच्या कागदावर "सामान तपासून मिळाले" या छापील ओळीखाली सही करण्याआधी कोणती वस्तू फुटली ते हाताने लिहा. लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. सामान हाती आलं त्या तारखेपासून मोजू नका. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा, नुसत्या ईमेलवर भागवू नका. दाद न मिळाल्यास 2 वर्षांच्या आत तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. मूव्हर्सला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही, आणि आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर काही प्रकरणं आयोगाची पायरी न चढता मिटतात.